साठ मीटर ढिगारा उपसायला १७ दिवस का लागले? सिलक्यारा बोगद्यातल्या सुटकेची गोष्ट

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार, लक्ष्मीपूजनाचा दिवस. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात सिलक्यारा गावाजवळ एका बोगद्याचं काम चालू होतं. रात्रपाळी संपत आलेली. पहाटे साडेपाचच्या सुमारास बोगद्याच्या तोंडापासून साधारण दोनशे मीटर आत छत कोसळलं आणि त्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात, ४१ कामगार अडकले. ते बाहेर आले २८ नोव्हेंबरच्या रात्री.

तेव्हा टीव्हीसमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता. ढिगारा साठ मीटरचाच आहे ना? मग चार पोकलेन लावा, रात्रंदिवस उपसा करा, तीन दिवसांत मोकळं होईल. परदेशातून तज्ज्ञ कशाला, विमानाने मशीन कशाला, डोंगरमाथ्यावरून भोक पाडायची तयारी कशाला? प्रश्न अगदी रास्त आहे. बचावपथकानेही पहिल्या दिवशी हेच केलं होतं. ते का जमलं नाही हे कळलं, की पुढच्या सतरा दिवसांतला प्रत्येक निर्णय आपोआप उलगडत जातो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्याआधी बोगदा मुळात उभा कसा राहतो ते पाहायला हवं. डोंगरात भोक पाडलं, की तिथल्या खडकाने आजवर पेललेलं ओझं नाहीसं होत नाही. ते भोकाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घेऊन खाली उतरतं. खडक अखंड आणि कणखर असेल तर तो स्वतःच कमान धरतो आणि माणसाला फारसं काही करावं लागत नाही. आपल्या सह्याद्रीतला काळा बसाल्ट बराचसा असा आहे. भोर घाटात आणि कसारा घाटात इंग्रजांच्या काळात सुरुंगाने फोडलेले बोगदे आजही गाड्या वाहतात, ते त्या दगडाच्या जोरावर. पण महाराष्ट्र-गोव्यातही सगळीकडे तो दगड नाही. कोकण रेल्वे बांधताना अभियंत्यांचा खरा घाम निघाला तो गोव्यात पेडण्यासारख्या ठिकाणी. तिथे दगड नव्हता, पाण्याने भिजलेली मऊ माती होती, आणि खणलेलं पुन्हा पुन्हा आत येत होतं. त्या पेडण्याच्या बोगद्याची भिंत ऑगस्ट २०२० मध्ये, गाड्या सुरू होऊन वीसहून अधिक वर्षं झाल्यावरही ढासळली होती.

हिमालय त्याहून अवघड. भूशास्त्राच्या हिशेबात तो तरुण पर्वत आहे आणि अजून दाबाखाली आहे. सिलक्याराच्या भागात फिलाइट नावाचा खडक सापडतो. तो पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो, हातात घेतला तर पातळ चकत्या सुटाव्यात असा. जिथे हे थर मुरगळलेले, चिरडलेले असतात तिथे खडक आणि माती यांत फरक करणंही कठीण होतं. अशा ठिकाणी खणल्यावर छत आपोआप किती वेळ टिकेल, याचा हिशेब कधी दिवसांत असतो तर कधी तासांत. तेवढ्या वेळात माणसाला आधार द्यावा लागतो. ताज्या छतावर सिमेंटचा फवारा मारायचा, खडकात लांब लोखंडी बोल्ट ठोकायचे, सळ्यांच्या जाळीदार कमानी उभ्या करायच्या. मग थोडं पुढे खणायचं आणि पुन्हा तेच. या लोखंडी कमानी लक्षात ठेवा. पुढे त्यांनीच सगळ्यांना रडवलं.

सिलक्यारा ते बारकोट हा सुमारे साडेचार किलोमीटरचा बोगदा चारधाम रस्ता प्रकल्पाचा भाग आहे. यमुनोत्रीच्या वाटेवरचा घाटाचा लांबलचक वळसा त्याने वाचणार आहे. दोन्ही टोकांकडून खोदकाम चालू होतं. सिलक्याराच्या बाजूने दोन किलोमीटरहून जास्त खोदून झालेलं. पण तोंडाजवळच्या एका कमकुवत पट्ट्यात बोगद्याचा आकार बिघडला होता आणि तिथे तो पुन्हा नीट घडवायचं काम सुरू होतं. कोसळला तो हाच पट्टा. म्हणजे छत पडलं ते नव्याने खणत होते त्या टोकाला नाही, मागे, येण्याजाण्याच्या वाटेवर. कामगार पुढे सुखरूप होते आणि मागचा दरवाजा बंद झाला.

आता ढिगाऱ्याकडे येऊ. धान्याने भरलेल्या कणगीचं खालचं तोंड उघडून मूठभर ज्वारी काढली, की वरची ज्वारी लगेच खाली सरकते. कितीही काढा, वर साठा आहे तोवर तोंड भरलेलंच राहतं. सिलक्यारात वरचा साठा म्हणजे डोंगर होता. छत पडल्यावर वर एक पोकळी तयार झाली होती, तिच्या भिंतीही तसल्याच भुसभुशीत. खालून मशीनने जितकं उपसलं तितकं वरून येत राहिलं. पहिल्या दिवसांत उपसलेल्या जागी सिमेंटचा फवारा मारून ती धरून ठेवायचा प्रयत्नही झाला, तरी नवी पडझड थांबेना. पाइप टाकायच्या तयारीच्या वेळीही वरून दगडमाती आली आणि दोघे जखमी झाले.

सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. तो ढिगारा वाटेत आडवा पडला होता हे खरं, पण वरच्या डोंगराला टेकूही त्याचाच होता. तो काढला तर आणखी डोंगर खाली येणार आणि अडथळा साठ मीटरचा सत्तर मीटर होणार. म्हणून ढिगारा तसाच राहू द्यायचा आणि त्याच्या पोटातून माणूस जाईल एवढी वाट काढायची, असं ठरलं. पोकलेन बाजूला झाले आणि पाइप आले ते यासाठी.

पण पाइप पोहोचेपर्यंत माणसं जगली पाहिजेत. यात दैवाने थोडी साथ दिली असं मी म्हणेन. आतले ४१ जण ढिगाऱ्याखाली दबले नव्हते, ढिगाऱ्यामागे कोंडले गेले होते. त्यांच्याकडे सुमारे दोन किलोमीटर लांब आणि साडेआठ मीटर उंच मोकळी जागा होती. विजेची तार तुटली नव्हती, त्यामुळे दिवे चालू होते. डोंगरातून पाणी झिरपत होतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बोगद्यातून पाणी बाहेर फेकण्यासाठी टाकलेला चार इंची पाइप ढिगाऱ्याखालीही शाबूत राहिला होता. त्यातूनच आतल्यांनी आपण जिवंत असल्याचं कळवलं, आणि त्यातूनच बाहेरून कॉम्प्रेसरने हवा आत जाऊ लागली.

बंद जागेत माणूस ऑक्सिजन संपून मरतो असं आपल्याला वाटतं. खरा धोका बहुतेकदा त्याआधी येतो, आपल्याच उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने. तो साठला की डोकं दुखतं, श्वास वाढतो, मग गुंगी येते. म्हणून नुसता ऑक्सिजन सोडून भागत नाही, ताज्या हवेचा जोरदार प्रवाह लागतो. तो पहिल्या दिवसापासून मिळाला. पुढे आठवडाभर याच चार इंची पाइपातून चणे, मुरमुरे, सुकामेवा आणि औषधं हवेच्या दाबाने ढकलली गेली. एकेचाळीस जणांचा आठवडा त्यावर निघाला.

२० नोव्हेंबरला सहा इंची पाइप ढिगारा भेदून पलीकडे निघाला. बातम्यांमध्ये त्याचं कौतुक कमी झालं, मला मात्र तो या मोहिमेचा खरा कलाटणीचा क्षण वाटतो. त्या रात्री आत पहिल्यांदा गरम अन्न गेलं, खिचडी. ताट तर जाणार नाही. मग रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या उभट बाटल्यांत खिचडी भरली आणि एकेक बाटली पाइपातून सरकवली. नंतर पोळी-भाजी गेली, पुलाव गेला, सफरचंदं, संत्री, केळी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाइपातून डॉक्टर पोटात घालतात तसला एंडोस्कोपीचा कॅमेरा आत गेला आणि घरच्यांनी दहाव्या दिवशी आपल्या माणसांचे चेहरे पाहिले. पिवळी-पांढरी हेल्मेटं घातलेली, थकलेली, पण दोन पायांवर उभी असलेली माणसं. त्या क्षणापासून वेळेचा हिशेब बदलला. हवा, अन्न, औषध आणि बोलणं, चारही गोष्टी नियमित पोहोचू लागल्यावर घाईने धोका पत्करायची गरज उरली नाही. मशीन बिघडलं तर दोन दिवस थांबून दुसरा उपाय करता येत होता. सुटकेची वाट रुंद पाइपाने केली, पण त्या वाटेसाठी लागणारी उसंत सहा इंची पाइपाने मिळवून दिली.

आता रुंद पाइपाकडे. माणूस सरपटत येईल इतक्या व्यासाचा, ९०० मिलिमीटरचा म्हणजे साधारण तीन फुटांचा लोखंडी पाइप ढिगाऱ्यात आडवा ढकलायचा, अशी कल्पना. ढकलणाऱ्या यंत्राचं नाव ऑगर. पाइपाच्या आत त्याच्या लांबीइतकाच लांब पोलादी दांडा असतो आणि त्यावर मळसूत्राच्या आकाराचं पातं गुंडाळलेलं असतं. टोकाला कापणारे दात. दांडा फिरला की दात पुढची माती खरवडतात, मळसूत्र ती माती पाइपातून मागे आणून टाकतं, आणि त्याच वेळी मागून हायड्रॉलिक जॅक पाइपाला पुढे रेटतात. पाइप पुढे जातो तसा तोच छताचं काम करतो. माती वरून पडली तरी पाइपावर पडते, आत येत नाही. एक पाइप आत गेला की मागे दुसरा ठेवायचा, गोल फिरून वेल्डिंग करायचं आणि पुन्हा रेटायचं. हे वेल्डिंग दर वेळी काही तास खातं, कारण सांधा कच्चा राहिला तर पुढच्या रेट्यात पाइप वाकडा होतो. शहरात रस्ता न फोडता खालून पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन टाकतात ती याच पद्धतीने. रस्त्याखाली माती असते, फार तर मुरूम. सिलक्याराच्या ढिगाऱ्यात मातीसोबत दगड होते, सिमेंटचे तुकडे होते, बोल्ट होते, आणि त्या लोखंडी कमानीही होत्या.

आधी देहरादूनहून एक छोटं मशीन आणलं, ते कमी पडलं. मग दिल्लीहून अमेरिकन बनावटीचं ताकदीचं ऑगर सुटे भाग करून हवाई दलाच्या सी-१३० जे विमानांनी चिन्यालीसौडच्या हवाईपट्टीवर उतरवलं. १६ नोव्हेंबरला ते सुरू झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत बावीस मीटरच्या आसपास पाइप गेला आणि बोगद्यात काहीतरी तडकल्याचा मोठा आवाज आला. काम थांबलं. बाहेर लोक चिडले. पण त्या आवाजाचा अर्थ नीट लक्षात घ्या. मशीनच्या हादऱ्यांनी छत पुन्हा सुटलं असतं, तर पाइप टाकणारी माणसंही ढिगाऱ्याखाली गेली असती आणि बचावपथकच अडकलं असतं. थांबणं बरोबर होतं.

पाच दिवसांनी, २२ तारखेला, काम पुन्हा सुरू झालं ते एका युक्तीने. पाइप जितका लांब जातो तितकी मातीची घट्ट पकड त्याच्या सर्वांगावर वाढत जाते, आणि एका मर्यादेनंतर जॅकची सगळी ताकद ती पकड सोडवण्यातच संपते. म्हणून ९०० मिलिमीटरचा पाइप होता तिथेच ठेवला आणि त्याच्या आतून ८०० मिलिमीटरचा नवा पाइप सारला. पहिले बावीस मीटर नवा पाइप मोकळा सरकतो आणि मशीनची ताकद खऱ्या कामाला, पुढच्या टोकाला लागते. रात्रीपर्यंत ४५ मीटरची मजल झाली. रुग्णवाहिका रांगेत लागल्या आणि वाहिन्यांनी ‘काही तासांत सुटका’ म्हणायला सुरुवात केली.

तिथेच लोखंड आडवं आलं. छतासोबत कोसळलेली जाळीदार कमान पातीसमोर उभी ठाकली. ऑगरला दगड चालतो, माती चालते, पण सळई कापली जात नाही. ती दातांना आणि मळसूत्राला गुंडाळली जाते. पाइपात माणूस आत पाठवून गॅस कटरने सळया कापल्या. मग ज्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर मशीन बसवलं होतं त्यालाच तडे गेले. एवढा रेटा पुढे द्यायचा म्हणजे तेवढाच मागेही बसतो, आणि पायाच डळमळला तर पाइपाची दिशा चुकते. चौथरा दुरुस्त झाला, मशीन पुन्हा लागलं आणि साधारण ४७ मीटरवर पुन्हा लोखंडात अडकलं. ते मागे ओढायला गेले तर मळसूत्राचा दांडाच तुटला. पाइप होता, पण तुटलेल्या पोलादाने गच्च बसलेला. आणि पलीकडे पोहोचायला उरलं होतं जेमतेम दहा-बारा मीटर अंतर.

मोहिमेतली सर्वात वाईट रात्र ही असावी. आंतरराष्ट्रीय बोगदा संघटनेचे अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाचे अर्नॉल्ड डिक्स, त्या वेळी जागेवर होते. हे ऑगर आता संपलं, असं त्यांनी उघड सांगितलं. हैदराबादहून प्लाझ्मा कटर मागवला. तीन फुटांहून कमी रुंदीच्या नळीत, सत्तेचाळीस मीटर आत, आडवं पडून पोलाद कापायचं काम डोळ्यांसमोर आणून पाहा. कापताना उष्णता आणि धूर, बाहेर पडायला एकच तोंड, कापलेला प्रत्येक तुकडा ओढत बाहेर न्यायचा. २७ नोव्हेंबरच्या सकाळी पाइप रिकामा झाला.

या काळात बाकीच्या वाटा बंद ठेवल्या नव्हत्या. एक उपाय फसला तर दुसरा शून्यापासून सुरू करायची वेळ येऊ नये, म्हणून सरकारी कंपन्यांना एकेक वाट वाटून दिली होती. सीमा रस्ते संघटनेने डोंगरावर जायला कच्चा रस्ता काढला. त्यावरून मशीन चढवून एसजेव्हीएनने २६ तारखेला माथ्यावरून उभं भोक पाडायला घेतलं. टीएचडीसीने बारकोटच्या टोकाकडून छोटा बोगदा फोडायला घेतला, पण तिकडून अंतर पावणेपाचशे मीटरच्या घरात होतं.

उभं भोक सोपं वाटतं, आणि भारताने ते एकदा करूनही दाखवलंय. नोव्हेंबर १९८९ मध्ये पश्चिम बंगालात राणीगंजच्या महावीर कोळसाखाणीत पाणी घुसलं. तेव्हा अभियंते जसवंतसिंग गिल यांनी वरून भोक पाडून त्यातून लोखंडी पिंजरा सोडला, स्वतः त्यात बसून खाली गेले आणि ६५ खाणकामगार एकेक करून वर आले. पण तिथे वरचा खडक टिकाऊ होता. सिलक्यारात माथ्यापासून ८६ मीटर खाली जायचं होतं. ड्रिल शेवटच्या टप्प्यात छत फोडून आत येतं तेव्हा खाली दगड कोसळतात, वाटेत पाण्याचा झरा लागला तर तो सरळ बोगद्यात उतरतो, आणि इतक्या खोलीवर ड्रिल थोडं तिरकं गेलं तर बोगदाच चुकतो. म्हणून ही वाट राखीव ठेवली होती. ती निम्म्यावर असतानाच तिची गरज संपली.

ती संपवली बारा माणसांनी. दिल्लीत ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनसाठी जमिनीखाली पाइप सरकवायचं काम करणारे हे मजूर. त्यांना रॅट-होल मायनर म्हणतात. हे नाव मेघालयातल्या कोळशाच्या खाणींवरून पडलं. तिथे माणूस जेमतेम रांगेल एवढी बिळं खणून कोळसा काढला जायचा. आधार नाही, हवा नाही, नकाशा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ साली त्यावर बंदी घातली. तरी डिसेंबर २०१८ मध्ये जैंतिया टेकड्यांतल्या एका बेकायदा खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले आणि त्यांच्यातला एकही वाचला नाही. बंदी योग्यच आहे. सिलक्यारानंतर काही जण हे कौशल्य म्हणून या पद्धतीचेच गोडवे गाऊ लागले होते, ते मला पटत नाही. सिलक्याराचं काम मेघालयापेक्षा एका मुद्द्यावर वेगळं होतं. इथे माणूस उघड्या बिळात नव्हता, डोक्यावर लोखंडी पाइपाचं कवच होतं, मागून हवा येत होती आणि माणसं आळीपाळीने बदलत होती.

काम कसं चाललं ते जवळून पाहण्यासारखं आहे. २७ तारखेच्या संध्याकाळी दोन-तीन जण ८०० मिलिमीटरच्या पाइपात शिरले. साधारण अडीच फुटांच्या नळीत उभं राहता येत नाही, बसताही धड येत नाही. सर्वात पुढचा माणूस गुडघ्यांवर किंवा कुशीवर. त्याच्या हातात छोटं ड्रिल, छिन्नी, फावडं आणि लोखंड दिसलं की कटर. त्याने पाइपाच्या तोंडासमोरची माती खरवडायची. मागच्याने ती हातांनी मागे घेऊन चाकांच्या छोट्या गाड्यात भरायची. गाडा भरला की बाहेरच्यांनी दोरीने ओढून रिकामा करायचा आणि परत आत सोडायचा. पुढे थोडी जागा झाली, की मशीनने पाइप अलगद पुढे रेटायचा, म्हणजे मोकळी झालेली जागा लगेच लोखंडाने झाकली जाते. दमल्यावर पुढचा मागे आणि मागचा पुढे. रात्रभर, मग दुसरा पूर्ण दिवस.

मशीनला न जमलेलं हाताला जमण्याची कारणं साधी आहेत. हातांनी खणताना डोंगर हादरत नाही. समोर सळई आहे की दगड हे डोळ्यांना दिसतं आणि त्याप्रमाणे हत्यार बदलता येतं. ऑगरला हे कळत नाही, तो लोखंडावरही तितक्याच जोराने आदळतो. हाताचा वेग मशीनपेक्षा कमी, पण उरलेलं अंतरही कमीच होतं. साधारण एका दिवसात या बारा जणांनी ते दहा-बारा मीटर काढले. अर्थात पहिले ४७ मीटर ऑगरने गेले होते हेही विसरून चालणार नाही. साठच्या साठ मीटर हाताने खणायचे असते तर किती दिवस गेले असते, त्याचा हिशेब भयंकर आहे. श्रेय हातांना आहे, मशीनलाही आहे.

२८ नोव्हेंबरला संध्याकाळी सातच्या सुमारास पाइप पलीकडे निघाला. एनडीआरएफ आणि एसडीआरएफ या केंद्राच्या आणि राज्याच्या आपत्ती प्रतिसाद दलांचे जवान आधी आत गेले. आठच्या सुमारास पहिला कामगार बाहेर आला आणि तासाभरात सगळे ४१. चिन्यालीसौडच्या आरोग्य केंद्रात त्यांच्यासाठी ४१ खाटा तयार होत्या. दुसऱ्या दिवशी चिनूक हेलिकॉप्टरने त्यांना ऋषिकेशच्या एम्समध्ये तपासणीसाठी नेलं. त्यांच्यात झारखंडचे १५, उत्तर प्रदेशचे ८, ओडिशा आणि बिहारचे प्रत्येकी ५, पश्चिम बंगालचे ३, उत्तराखंड आणि आसामचे प्रत्येकी २ आणि हिमाचलचा १. हिमालयातला रस्ता कोणाच्या कष्टाने होतो ते या आकड्यांत दिसतं.

आतल्या लोकांबद्दल बोलायलाच हवं, कारण सुटका फक्त बाहेरून होत नाही. त्यांच्यात वयाने आणि अनुभवाने मोठे असलेले दोघे-तिघे होते. त्यांनी सगळ्यांना बांधून ठेवलं. आलेलं खाणं आधी वाटून घ्यायचं, रोज बोगद्यात चालायचं, योगासनं करायची, झोपायची जागा वेगळी आणि शौचाची जागा दूर. बोगद्याच्या कामासाठी ठेवलेलं जिओटेक्स्टाईलचं कापड अंथरून ते झोपत. सहा इंची पाइपातून त्यांच्यासाठी लुडो आणि पत्ते गेले, टेलिफोनची तार गेली, मानसोपचारतज्ज्ञ बाहेरून बोलत राहिले. आपण केव्हा सुटणार हे माहीत नसणं माणसाला आतून पोखरतं. घरच्यांचा आवाज रोज कानावर पडणं हा तिथे औषधाचाच भाग होता.

सिलक्याराकडे पाहून ‘भारताला आता बोगद्यातली सुटका जमते’ असा समज करून घेणं मात्र धोक्याचं आहे. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणात नागरकर्नूल जिल्ह्यात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्याचं छत कोसळलं आणि आठ जण अडकले. तिथेही लष्कर आलं, एनडीआरएफ आलं, रॅट-होल मायनरही आले. पण जागा तोंडापासून जवळजवळ चौदा किलोमीटर आत होती. छतासोबत पाणी आणि गाळाचा लोंढा आला होता. माणसं त्या वेळी बोगदा खोदणाऱ्या मशीनजवळ, म्हणजे पडझडीच्या जागीच होती. मागे दोन किलोमीटरची मोकळी जागा नव्हती आणि हवा नेणारा पाइपही शाबूत नव्हता. अनेक आठवड्यांच्या शोधात दोघांचे मृतदेह मिळाले, सहा जण सापडलेच नाहीत. बचावाची साधनं बऱ्याच अंशी तीच होती. फरक पडला तो छत कुठे पडलं, माणसं कुठे होती आणि पहिल्या तासात त्यांच्यापर्यंत हवा पोहोचत होती का, यावर. पुन्हा कधी अशी बातमी आली तर मशीन कुठून येतंय याआधी या तीन गोष्टी शोधा. सुटकेची आशा कितपत आहे ते त्यांवरून कळेल.

एक प्रश्न सिलक्यारात शेवटपर्यंत टोचत राहिला. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये हा बोगदा मंजूर केला, तेव्हा त्यात सुटकेचा स्वतंत्र मार्गही होता. १२ नोव्हेंबरला आत असलेल्या कामगारांसाठी मात्र दुसरी वाट नव्हती. बोगदा पूर्ण झाल्यावर गाड्यांमधल्या प्रवाशांसाठी जो सुटकेचा मार्ग ठेवायचा, तो आणि बांधकामाच्या काळात कामगारांसाठी लागणारा मार्ग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिल्याहून खूप स्वस्त आहे. कमकुवत पट्टा ओलांडून पुढे खोदायचं असेल, तर त्या पट्ट्यापुरता, बोगद्याच्या कडेला, माणूस रांगू शकेल असा जाड पाइप जमिनीवर टाकून ठेवायचा. वरून छत आलं तरी पाइप खाली तग धरतो आणि लोक त्यातून बाहेर येतात. ज्या पाइपासाठी सतरा दिवस झगडावं लागलं, साधारण तसलाच पाइप, फक्त छत पडायच्या आधी टाकलेला. त्याला ना ऑगर लागतं ना विमान. सिलक्याराच्या त्या पट्ट्यात छत दुरुस्तीचं काम चालू होतं, म्हणजे जागा कच्ची आहे हे ठाऊक होतं. तरीही पलीकडे रात्रपाळी लावताना तो पाइप तिथे नव्हता.

अडकलेला ढिगारा पुढे टप्प्याटप्प्याने काढून, साठलेलं पाणी उपसून काम पुन्हा सुरू झालं आणि १६ एप्रिल २०२५ रोजी सिलक्यारा आणि बारकोटकडचं खोदकाम एकमेकांना मिळालं. देशात हिमालयातल्या रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी आणि जलविद्युत प्रकल्पांसाठी कितीतरी बोगदे आज खोदले जात आहेत, आणि आपल्याकडेही घाटांत आणि मुंबईच्या पोटात काम चालू आहे. प्रत्येक ठेक्याच्या कागदात कामगारांसाठीचा तो पाइप कोणत्या मीटरपासून कोणत्या मीटरपर्यंत टाकणार, हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि तो जागेवर आहे की नाही हे पाळी आत जाण्याआधी कोणीतरी पाहिलं पाहिजे.